काडतुसं बहिणीच्या घरी

पुण्याहून रत्नागिरी एका दिवसाची वाट, आणि तिथली बातमी मला कळली मस्कतहून. फोन रोडेलचा होता. रोडेल म्हणजे आमचा मस्कतच्या गाला भागातल्या वर्कशॉपचा इलेक्ट्रिशियन, फिलिपिन्सचा. "मॅडम, कुया गेला," तो म्हणाला. कुया म्हणजे त्यांच्याकडे थोरला भाऊ. रोडेलचा कुया एकच, आमचे इब्राहीमभाई. ईदच्या शुभेच्छा द्यायला त्याने त्यांच्या गावी फोन लावला, तेव्हा त्याला समजलं. जाऊन तीन आठवडे झाले होते. मला आधी रडू नाही आलं, रागच आला. अरे, मी इथे एवढी जवळ, आणि मला कळवायचं कुणालाच सुचू नये? राग मेला असाच असतो, दुःखाच्या आधी येऊन खुर्ची अडवून बसतो.

नव्वदच्या दशकात आम्ही तिघं एकाच छपराखाली होतो. जनरेटर दुरुस्त करणारी कंपनी, पुढे माझं ऑफिस, मागे वर्कशॉप. मी मस्कतच्याच अझैबा भागातून यायची, पत्रव्यवहार बघायची. इब्राहीमभाई फोरमन. रत्नागिरीकडचे, अंगाने किरकोळ, आवाज मात्र लोखंडाच्या पत्र्यासारखा. माझ्या खोलीत एसी बरा चालायचा म्हणून दुपारचे डबे तिथेच उघडायचे. त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी नि सुकं, माझ्यात पोळीभाजी, आणि रोडेलचा भात. बोलणं हिंदी, इंग्रजी आणि थोडं अरबी 'यल्ला-खलास', म्हणजे 'चला-पुरे', असं खिचडीतलं. इथे मराठीतच सांगते. वर्षभर आमच्या जेवणाला एकच तोंडीलावणं होतं... रोडेलने घरी पिस्तूल घ्यावं की नाही.

मिंदानाओ बेटावरच्या त्याच्या गावात शेजारच्या घरी चोर शिरले होते. घरात बायको आणि दोन लहान मुली. हा इथे, समुद्रापार. त्याला झोप लागेना. "चोर परवाना काढून येत नाही," तो म्हणायचा, "मग नियम आम्हालाच का?" त्यांच्याकडे हा वाद घराघरांत होता. निवडणूक आली की बंदूक बाहेर न्यायला बंदी, आणि नवीन वर्षाला लोक आनंदाने आकाशात गोळ्या झाडतात म्हणून पोलीस स्वतःच्याच पिस्तुलांच्या नळ्यांना चिकटपट्टी लावतात, हे त्यानेच सांगितलं. मी पुणेरी, मला मतं भरपूर. मी म्हणायची, सरळ सगळ्यांच्या बंदुका काढून घ्या, प्रश्न मिटला. रोडेल हसायचा. "मॅडम, तुमच्या घरी रात्री तुम्ही एकट्या असता का?" तरी मी बोलायची थांबायची नाही. इब्राहीमभाई मात्र भाकरी मोडत ऐकून घेत. आमच्या अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, घरच्या लग्नात म्हाताऱ्यांनी जुन्या रायफलींचे बार काढले, तेव्हा सगळे बघायला अंगणात धावले. हे एकटे उलटे फिरून आत छताखाली जाऊन उभे राहिले. मी चिडवलं, "काय भाई, घाबरलात?" म्हणाले, "हो वैनी. वर गेलेलं खाली येतं."

मग एका दुपारी त्यांनी आपल्या घरची गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांकडे डुकरांपासून पीक राखायला परवान्याची एकनळी बंदूक होती. कोकणात अशा बंदुका पुष्कळ घरांत. एकदा वडील शेत राखून पहाटे परतले आणि आतलं काडतूस न काढता बंदूक पडवीत टेकवून ठेवली. भाईंची थोरली बहीण जुबेदा, तिला ते बुबू म्हणत, झाडू मारत होती. झाडू लागला, बंदूक पडली, बार उडाला. छरे कौलात गेले म्हणून पोरगी वाचली, पण आवाजाने तिचा उजवा कान कायमचा बहिरा झाला. पुढे गावातच तिचं लग्न ठरलं. निघताना बापाने विचारलं, तुला काय हवं? ती म्हणाली, "बंदूक तुमच्याकडे राहू दे. काडतुसं माझ्याबरोबर येतील." आणि खरंच आली. तेव्हापासून त्या घरचा रिवाजच पडला. बंदूक भावाकडे, काडतुसं बहिणीकडे, मध्ये दोन वाड्या. डुक्कर आलं तर जाऊन मागायची. आणि बुबू डबा उघडण्याआधी विचारणार, "कुणावर चिडलायस?" रोडेल म्हणाला, "तोपर्यंत डुक्कर पळून जाईल ना." भाई म्हणाले, "गेला तर गेला. बहीण हाय ना जाग्यावर."

रोडेल सुट्टीवर गेला आणि पिस्तूल घेऊन टाकलं. परत आल्यावर त्याने चोरट्यासारखं सांगितलं. मला वाटलं, आता भाई तोफ डागतील. ते डबा आवरून उठले. दोन दिवस नीट जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, "तुला बहीण हाय?" होती, थोरली, दोन गल्ल्या सोडून. "मंग गोळ्या तिच्याकडे पाठव." रोडेल वैतागला. चोर समोर आल्यावर बायकोने गोळ्या आणायला नणंदेकडे जायचं? "तू चोराला भितोस," भाई म्हणाले, "मी तुला भितो." रोडेलचं तोंड उतरलं. इतका शांत माणूस, कुणाला उंच आवाजात बोलला नव्हता. मला तर भाईंचा रागच आला, हे काय बोलणं झालं? पण संध्याकाळी रोडेलने फोनचं कार्ड आणलं आणि घरी फोन लावला.

पुढच्या सुट्टीनंतर तो परतला तो निम्मा होऊन. डबा उघडलाच नाही. भिंतीवरून शेजाऱ्याशी भांडण झालं होतं, शेजारी त्याच्या बायकोबद्दल गल्लीत उभं राहून नको ते बोलला. हा घरात गेला, पिस्तूल उचललं आणि तडक बहिणीकडे. "तिने गोळ्या दिल्या नाहीत, कुया. तिने भात वाढला. मी जेवलो... आणि जेवता जेवता रडलो." शेजारी जिवंत आहे, असं त्याने दोनदा सांगितलं. मी भाईंकडे बघितलं. वाटलं, आता म्हणतील, बघ, मी सांगितलं होतं. ते उठले, आपल्या डब्यातली भाकरी त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "खलास. आता माझ्याबरोबर जेव." मी उगाचच कागद शोधायला खाली वाकले. इतकं प्रेम मी माझ्या सख्ख्या नात्यात पाहिलेलं नाही, हे इथे स्पष्ट लिहिते.

मग आमचं पुण्याला परतणं झालं, बऱ्याच वर्षांनी भाईही गावी गेले. फोन असायचे, मग कमी झाले, सगळ्यांचं होतं तसं. बातमी कळली त्या आठवड्यात मी रत्नागिरीची गाडी धरली. भाईंचं घर बंद होतं, मुलं मुंबईला. शेजाऱ्याने जुबेदाबाईंचं घर दाखवलं. ऐंशीच्या घरातली ठेंगणी बाई. मला आपल्या डाव्या बाजूला बसवलं, तिकडून ऐकू येतं म्हणून. मी दुःखाचे चार शब्द बोलले आणि मग सहज विचारलं, "भाईंच्या बंदुकीचं आता काय?"

"बंदूक?" त्या म्हणाल्या. "ती आठ वर्षांमागे तो मस्कतहून आला तशी पोलिसात जमा केलीन. काडतुसंपण मीच त्याच्याबरोबर धाडली. घरात कायबी नाय."

मी म्हटलं, बरं केलं.

"तरी दर शुक्रवारी नमाजवरून यायचा. दारात उभा राहून म्हणायचा, बुबू, एक काडतूस दे. मी विचारायची, कुणावर चिडलायस? मग आत येऊन बसायचा." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पाय सुजलेले होते शेवटी. मी म्हटलं, अरे, नको येऊस चालत, मी येईन तुझ्याकडे. तर म्हणाला, नाय, मागणाऱ्यानेच यायचं असतं."