पायलट विझली होती

धाकटी बहीण इंदापूरहून पिंपळीला बाळंतपणाला आली, तेव्हा न्हाणीत नवाकोरा गॅस गिझर बसवला होता. बसवणाऱ्या मिस्त्रीनं मला शिकवलं. बटण दाबून धरायचं, काडी लावायची, बारीक निळी ज्योत धरली की वीसपर्यंत मोजून बटण सोडायचं. त्या ज्योतीला तो पायलट म्हणायचा. जाताना दोनदा बजावून गेला की न्हाणीची खिडकी उघडी ठेवा.

पण बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, हे आमच्याकडं कुठल्याही मिस्त्रीपेक्षा मोठं. आईनं खिडकीत पोतं कोंबलं. थंडीचे दिवस होते, मी काही बोलले नाही. आईपुढं बोलून कुणाचं भलं झालंय?

त्या सकाळी आई वैरणीला गेलेली. मालिशवाली बाई आली नाही, म्हणून बहीण एकटीच न्हायला गेली. वीस दिवसांची पोर माझ्या मांडीवर, आणि मला एमआयडीसीतल्या डेअरीत कामावर जायची घाई. आतनं हाक आली, पाणी गार झालं. जाऊन पायलट पेटवून आले. परत हाक. परत पेटवली. तिसऱ्यांदा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, महाराणींची आंघोळ आज उरकणार हाय का न्हाय? ती स्टुलावर बसून होती, डोकं दुखतंय म्हणाली. मला ते बाळंतिणीचं रोजचं रडगाणं वाटलं. पायलट वाऱ्यानंच विझतेय, अशी माझी खात्री. पेटवली, दार ओढून घेतलं आणि दाराखालची फट बाहेरनं माझ्या जुन्या ओढणीनं बुजवून टाकली.

या खेपेला तिनं हाक मारली नाही. मला बरं वाटलं. मेलं, बरं वाटलं मला!

पोर भुकेनं रडायला लागली तेव्हा दार उघडलं. बहीण फरशीवर पडली होती. नळाला गारच पाणी वाहत होतं. बारामतीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

दहावा झाल्यावर मिस्त्री आला. खिडकीतलं पोतं बघितलं, मग मला म्हणाला, "ताई, हवा कमी पडली की माणूस गुदमरायच्या आधी पायलट विझती. विझली न्हवती का?"

आई माझ्याकडं बघत होती.

"न्हाय," मी म्हणाले.

ओढणी तर मी त्याच दिवशी धुऊन वाळत घातली होती. भेकड बाई मी, दुसरं काय.

आता पोरगी शाळेत जाते, मला आई म्हणते. आंघोळीचं पाणी आम्ही अंगणातल्या चुलीवर तापवतो. थंडी पडली की जाळ सारताना आई तेच तेच बोलते, "मीच कोंबलं गं ते पोतं. मीच खाल्ली माझी लेक."

आणि मी शेजारी बसून तिची समजूत घालते, "जाऊ दे गं आई. तुला काय ठाऊक?"