पंखाच्या आतला डूगी

आमच्या प्रेस्टविकच्या कारखान्यात बनायचं त्या विमानाचं नाव जेटस्ट्रीम, आणि पुढे बघावं तर गरगरणारे पंखे! लोक विचारायचे, "जेट की पंख्याचं?" आत जेटसारखं इंजिन असतं, तेच पंखा फिरवतं, हे सांगता सांगता माझंच डोकं फिरायचं. बरं, ते काढलं दुसऱ्याच कंपनीनं, ती बुडाली, मग ते आमच्या गळ्यात आलं. आणि खपलं की हो पार अमेरिकेत!

डूगी मॅकस्किमिंग माझा कामातला जोडीदार. अंगानं काडी, म्हणून विमानाच्या पंखात तोच शिरायचा. मी पत्रे जोडायला बाहेरून रिव्हेट ठोकायचो, तो आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. त्या दणदणाटात बोलणार काय, कपाळ? तो पत्र्यावर वाजवायचा. एकदा टक, म्हणजे अजून ठोक. दोनदा, म्हणजे झकास, पुढे चल. उभा जन्म आम्ही असंच बोललो. बाहेर आला की गडी मुखदुर्बळ.

गेल्या महिन्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली. मी भेटायला गेलो तर त्याची बायको नेट्टा वॉर्डाच्या दाराशी रडत उभी. मला बघताच म्हणाली,

"शग, याला घरी यायचंच नाही रे! एकदा वाजव म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, असं शिकवलंय मी. घरी येतोस का विचारलं की मेला दोनदा वाजवतो. नकोशी झालेय मी त्याला."

"अगं, दोनदा म्हणजे झकास!"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू कधी पंखात शिरलीस?"

"खड्ड्यात गेला तुमचा पंख!" म्हणत तिनं मला आत ओढलं.

पण मलाही धड कळेना. हा बोलतोय माझ्या भाषेत की हिच्या? शेवटी नेट्टानंच डोकं चालवलं.

"डूगी, मी नेट्टा ना रे?"

पलंगाच्या दांडीवर टक टक.

"घरी येतोस?"

टक टक.

तिनं त्याच्या टकलाचा मुका घेतला, मला धपाटा घातला. मी येड्यासारखा हसत सुटलो. एकाएकी तिचा चेहरा उतरला.

"शग, नर्स रोज माझ्याकडून विचारून घेते, दुखतंय का म्हणून. हा दोनदा वाजवतो, आणि मी सांगते, नाही म्हणतोय." ती त्याच्याकडे वळली. "दुखतंय का रे तुला?"

टक टक.

नेट्टा नर्सच्या नावानं ओरडत धावली. तो वाजवतच राहिला.