वर्कशॉपच्या वरचं रोम

रोमचं साम्राज्य बुडालं असं शाळेत शिकवतात, ते साफ खोटं आहे. ते बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, माझ्या वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतं. माझे भाडेकरू सर मूळचे बेळगावचे, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. रविवारी चर्चमध्ये बायबल शिकवतात, पण येशूपर्यंत पोचायलाच त्यांना तास लागतो, कारण वाटेत रोमचे सुभेदार, शिपाई आणि करवसुली आडवी येते. नगरसेवकाच्या दारात सकाळी माणसं दिसली की म्हणणार, रोममध्येही आश्रित असेच भल्या पहाटे हजेरी लावत. एकदा यशवंतपूरच्या बाजारात मी घासाघीस करून कांद्याचा भाव निम्म्यावर आणला होता. तेवढ्यात सोबत आलेल्या सरांनी व्यापाऱ्याला कन्नडमधून समजावलं, की रोमचे जकातदार आधी ठेका घेत आणि मग गरिबाला पिळत. व्यापाऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू जकातदार मीच. सौदा मोडला. ते मी अजून विसरलेलो नाही.

गेल्या वर्षी, मी लेथवर हाताला धरून शिकवलेला टर्नर न सांगता समोरच्या कारखान्यात गेला. तिथं जमेना, तेव्हा परत यायला निघाला. मी आधीच गल्लीभर ओरडून सांगितलं होतं, की त्याला उंबरा ओलांडू देणार नाही. तो सरांकडे गेला आणि सर खाली आले.

बसता बसताच त्यांनी सुरुवात केली, की रोममध्ये पळालेल्या गुलामाच्या कपाळावर मालक डाग देऊ शकत असे. मी म्हटलं, चांगला कायदा. मग येशूचा प्रचारक पौल याने तुरुंगातून अशाच एका मालकाला, पळालेल्या गुलामाला परत घे म्हणून, कसं पत्र लिहिलं, ते सांगितलं. आधी मालकाची तारीफ, मग हुकूम करू शकतो पण विनंतीच करतो म्हणायचं, झालेलं नुकसान स्वतःच्या अंगावर घ्यायचं, आणि शेवटी, माझ्यासाठी खोली तयार ठेव, मी येतोय. इतका पक्का सौदेबाज मी यशवंतपुरातही पाहिला नाही.

"पण सर, माझा माणूस गुलाम नव्हता. पगार घेत होता."

"म्हणून तर त्याला डागाची भीती नाही, नुसती लाज वाटते की हो, अण्णा."

"मग त्या मालकानं घेतलं का परत?"

रोमचं सगळं पाठ असलेले सर चष्मा पुसत राहिले. "ठाऊक नाही. पत्र राहिलं, त्याचं उत्तर राहिलं नाही." आणि वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी टर्नरला बोलावून मशीनवर उभं केलं. सरांना कळवलं नाही. हरलेला सौदा कोण सांगत बसतो? पण लेथ मशीन सुरू झालं, तशी वरची खिडकी उघडली आणि बराच वेळ उघडीच राहिली.

पुढच्या महिन्यात सर मुलाकडे होसकोटेला राहायला जातायत. मशीन चालू राहील. ऐकायला वर कोणी नसेल.