मास्टरांचं मागणं

“नेमकं काय मागू?”

कुणी सहज म्हणालं, “मास्टर, मेरे लिए दुआ करना,” की ते कानावरची पेन्सिल हातात घ्यायचे आणि हा प्रश्न विचारायचे. हिंदीवाल्यांना “ठीक ठीक बताओ, क्या मांगूं?” आणि माझ्यासारख्याला मराठीत. ‘सगळं चांगलं होऊ दे’ असलं मोघम उत्तर त्यांना चालत नसे. “सगळं म्हणजे काय? कुणाचं? नाव सांगा,” म्हणून ते समोरच्याला बोलतं करायचे. मुलाचा ताप, बहिणीचं लग्न, गावाकडे आजारी पडलेली म्हैस, सगळं नावगावासकट विचारून घ्यायचे.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच माझ्या मनात आलं, या माणसाला एवढी माहिती हवी कशाला?

तुम्ही म्हणाल, काय हा संशयी स्वभाव! पण संशय घेण्याचाच मला पगार मिळत होता. फरीदाबादच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग व्हायचे. ठीक असलेल्या मालाला हिरवं लेबल, नापास मालाला लाल आणि ज्याचं काही ठरत नाही त्याला पिवळं. पिवळ्या लेबलाचा माल कोपऱ्यात पडून राहायचा. त्यातला एकही तुकडा परत कामाला लागलेला मी पाहिला नाही.

मास्टर पत्रा दाबणाऱ्या प्रेस यंत्रांचे फोरमन होते. नगरकडचे मराठी ख्रिस्ती. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र भरदार. सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी ते यंत्रांच्या रांगेपुढे उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि अर्धा मिनिट नुसते ओठ हलवायचे. मग “चलो” म्हणायचे आणि यंत्रं सुरू व्हायची. त्या यंत्रांखाली माणसांची बोटं जात. ज्याला प्रेसवर दहा वर्षं झाली आणि दहाही बोटं शाबूत आहेत, त्याला आमच्याकडे नशीबवान म्हणत. मास्टर त्या अर्ध्या मिनिटात एकेका कारागिराचं नाव घेऊन त्याची बोटं मागायचे. हे त्यांनीच मला सांगितलं. मी अर्थातच विश्वास ठेवला नाही.

एकदा एका कारागिरानं त्यांना गाठलं. गावात चुलतभावाशी जमिनीचा खटला चालू होता. “मास्टरजी, ऐसी दुआ करो कि वो हार जाए.”

“तेरे लिए मांगूंगा. उसके खिलाफ नहीं मांगूंगा.”

“एक ही बात है ना!”

“नहीं है. उसका नाम बता, उसके लिए भी मांगता हूं.”

तो इतका चिडला की दुसऱ्याच दिवशी बल्लभगडच्या कुठल्याशा बाबाकडे गेला. बाबानं नावबिव काही न विचारता ताईत बांधून दिला. मास्टर हे हसत हसत सगळ्यांना सांगायचे.

त्या वर्षी आमच्या एका तरुण कारागिराची दोन बोटं गेली. मास्टरांनी त्याचा हात स्वतःच्या शर्टात गुंडाळून त्याला दवाखान्यात नेलं. परत आले तेव्हा अंगात नुसता बनियन. मला तेव्हा कणव यायला हवी होती. पण मी विचारलं, “काय मास्टर, आज सकाळी याचं नाव राहिलं होतं का?”

“नव्हतं राहिलं,” ते म्हणाले. “उद्या प्रभूलाच विचारणार आहे, असं का केलंस म्हणून. प्रार्थना म्हणजे काय नुसती स्तुती असते? त्यात भांडणही होतं.”

दुसऱ्या दिवशी ते देवाशी काय भांडले ते मला ऐकू आलं नाही. पण त्यांनी ऑफिसात एक अर्ज मात्र दिला. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय यंत्र खाली येऊ नये, अशी सोय सगळ्या प्रेसना करावी. असा अर्ज ते दर दोन महिन्यांनी द्यायचे. मागणं वर आणि अर्ज खाली, दोन्ही न चुकता. वरून काय उत्तर यायचं ठाऊक नाही. खालून येत नसे.

मग कंपनीत परदेशी भागीदार आला. काचेच्या केबिनी झाल्या, शेताडीत नव्या सोसायट्यांचे खांब उभे राहिले, आणि कारखान्यात माणसं जास्त झाली आहेत अशी कुजबुज सुरू झाली. जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघू लागला. चहाच्या टपरीवर दोघं बोलत असले आणि तिसरा आला की दोघं क्रिकेटवर यायचे. अशातच कामगार विभागाच्या साहेबांनी मला बोलावलं.

“आप भी मराठी, वो भी मराठी. जरा पता लगाइए, ये बंदा सबके घर की खबर क्यों रखता है. यूनियन है या मिशन? एक छोटी-सी रिपोर्ट दे दीजिए.”

जास्त झालेल्या माणसांच्या यादीत तपासणी विभागाचीही नावं असणार होती. मी “बिल्कुल” म्हणालो.

असा मी मास्टरांच्या घरी जाऊ लागलो. निमित्त बाजरीच्या भाकरीचं. हरियाणाची बाजरी चांगली, आणि वहिनींच्या हातची भाकरी तर विचारूच नका. मी पोटभर जेवायचो आणि ताकाला जाऊन भांडं लपवायचो. कोण येतं, कोण जातं, कपाटात कुठली पुस्तकं आहेत, सगळं नजरेनं टिपायचो. संशय घ्यावा असं काही सापडेना, म्हणून संशय आणखी वाढला. इतका स्वच्छ माल मी कधी पाहिलाच नव्हता. कुठंतरी पाणी मुरत असणारच.

चौथ्या की पाचव्या रविवारी जेवणाआधी मास्टर म्हणाले, “बसा, मागणं करू या.” त्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मला बघायचं होतं. पाहतो तर वहिनींनीही एक डोळा किलकिला ठेवला होता, आणि तो माझ्यावर होता. आम्ही दोघांनी एकमेकांना रंगेहाथ पकडलं.

मास्टरांनी आधी भाकरीबद्दल आभार मानले. मग कारागिरांची नावं घेतली. मग माझं नाव आलं.

“प्रभू, हे आमच्याकडे येतात. यांना ज्या कामासाठी पाठवलंय ते यांना जड जातंय. यांची नोकरी जाऊ देऊ नकोस. यांच्या हातून खोटं लिहिलं जाऊ देऊ नकोस. आमेन.”

वहिनींनी ताट पुढं सरकवलं ते आवाज करून. मास्टर मात्र “चटणी घ्या ना,” म्हणत होते.

तुम्हाला वाटेल, माझे डोळे उघडले असतील. नाही उघडले. मला राग आला. बसमध्ये बसलो आणि मनाशी म्हणालो, काय पोचलेला माणूस आहे! मला विरघळवायला देवाला मध्ये घातलंन. समोरासमोर बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं. प्रार्थनेला काय उत्तर द्यायचं? त्या रागाच्या भरात मी अहवाल लिहिला. खोटं एकही अक्षर लिहिलं नाही. ‘आक्षेपार्ह असे काही आढळले नाही. तथापि कामगारांवर त्यांचा प्रभाव आहे. लक्ष ठेवणे इष्ट.’

म्हणजे मी त्यांना पिवळं लेबल लावलं. आणि पिवळ्या लेबलाचं पुढं काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

महिन्याभरात स्वेच्छानिवृत्तीची यादी लागली. त्यातली इच्छा कुणाची होती ते सगळ्यांना कळत होतं. प्रेस विभागातून पहिलं नाव मास्टरांचं होतं. माझं नाव कुठंच नव्हतं. त्यांच्या मागण्यातली माझ्या नोकरीची गोष्ट तेवढी मंजूर झाली होती.

त्यांच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी त्यांच्या लॉकरपाशी गेलो. ते मोजपट्ट्या, चष्म्याचं घर, जुना टॉवेल पिशवीत भरत होते.

“मास्टर, ते ऑफिसला मी लिहून दिलं होतं.”

“ठाऊक आहे.”

“तुम्ही रागावला असाल.”

“रागावलोय तर. खोटं कशाला सांगू?”

मला वाटलं होतं ते क्षमा वगैरे म्हणतील, खांद्यावर हात ठेवतील. त्यांनी टॉवेलाची घडी घातली. मी निलाजरेपणानं विचारलं, “मग आता माझं नाव सोडलंत का?”

ते बाकावर बसले. पहिल्यांदाच मला ते म्हातारे वाटले.

“सोडता येत नाही हो. शत्रूसाठी प्रार्थना करा, असं आमच्या शास्त्रात आहे. वाचायला किती सोपं आहे! रोज सकाळी सगळी नावं होतात, मग तुमचं येतं. नाव घेतो. पुढं काही मागायला तोंड उघडत नाही. यादी लागल्यापासून हे असंच चाललंय.”

“मग काय करता?”

“थांबतो. ‘प्रभू, हे’ एवढं म्हणून थांबतो. शब्द येईपर्यंत.”

पिशवी उचलून ते गेटकडे गेले. मी सोबत निघालो तर म्हणाले, “नको, आज नको.” पहारेकऱ्यानं नेहमीप्रमाणे त्यांची पिशवी उघडून तपासली.

पुढं ते नगरकडे गेले, एवढंच ऐकलं. पत्ता मी विचारला नाही आणि विचारला असता तरी वहिनींनी दिला नसता. या माणसाच्या प्रत्येक शब्दावर मी संशय घेतला. त्या बाकावरच्या बोलण्यावर मात्र मला तो घेता आला नाही. आता मीही निवृत्त आहे. सकाळी लवकर जाग येते. चहा ठेवतो आणि वाटतं, नगरकडे कुठंतरी एक म्हातारा डोळे मिटून बसला असेल. नावामागून नाव घेत माझ्यापर्यंत आला असेल, आणि थांबला असेल. चहा उतू जातो तरी माझं लक्ष नसतं. त्यांना पुढचा शब्द सापडला का, एवढंच मला कळायला हवं आहे.