मॅलकी पोस्टमनची फुली

आर्मा परगण्यातल्या आमच्या गावात मॅलकी डेव्हेनीला कोण ओळखत नाही? सव्वीस वर्षं पोस्टमन. कॅथलिकांच्या आळीत आणि प्रोटेस्टंटांच्या आळीत, दोन्हीकडे चहा मिळणारा एवढा एकच प्राणी. दोन्हीकडचे एकमेकांवर गोळ्या झाडत होते त्या काळात, एकोणनव्वद साली, कॅथलिक बंदूकवाल्यांतल्या फिन्टन नावाच्या परगावच्या पोरानं त्याला रस्त्यात गाठलं. "ट्रेव्हर ऑरचं घर कुठलं हो?" हे सहज विचारणं नव्हे, हे मॅलकीला तेव्हाच कळलं. पण भ्याला बिचारा, आणि बोट दाखवलं. त्याच संध्याकाळी प्रोटेस्टंट आळीतला ट्रेव्हर स्वतःच्या दारात गोळ्या लागून पडला. फिन्टन पकडला गेला, पण घर दाखवणाऱ्याचं नाव त्यानं पोटातच ठेवलं.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात दोन्ही बाजूंचा शांतता करार झाला. तो हवा की नको, यावर लोकांनी 'हो' किंवा 'नाही' असं मत द्यायचं होतं, म्हणून त्याची पुस्तिका घरोघर वाटायची होती. वाटणार कोण? मॅलकीच! ट्रेव्हरची आई हेझल डोळ्यांनी अधू. म्हणाली, "कैद्यांचं काय लिहिलंय, तेवढं वाच बाबा."

"दोन वर्षांत सुटणार," त्यानं वाचलं. म्हणजे फिन्टनही!

म्हातारीनं पुस्तिका त्याच्या हातून घेतली. "सुटू दे. आणखी कुणाचं पोर मरायला नको. मी 'हो' म्हणणार. पण फिन्टन सुटला की एकच विचारीन, माझं घर कुणी दाखवलं?"

मे महिन्यात मतदान झालं. जन्मभर शांततेसाठी चर्चमध्ये मेणबत्त्या लावणाऱ्या मॅलकीनं 'नाही'वर फुली मारली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मारली. उपयोग काय? 'हो' जिंकलं. "अहो, हसा की! मारामाऱ्या संपल्या!" बायको म्हणाली.

कसला हसतोय! एकेक कैदी सुटून यायचा, गावात ढोल वाजायचे, आणि हा फिन्टनची पाळी कधी, ते मोजत बसायचा. हेझलच्या दारात कितीदा तरी तोंड उघडलं त्यानं, पण "आज गारठा आहे," एवढंच बोलून परतला.

दोन हजार सालच्या जुलैत फिन्टन सुटला. तिसऱ्या दिवशी हेझल दारातच उभी.

"काल फिन्टन आला होता. मीच बोलावलं."

मॅलकीला वाटलं, हिला सगळं कळलं. "हेझलबाई, मला जिवाची भीती वाटली हो! म्हणून दाखवलं घर!"

हेझल एक पाऊल पुढं आली. "तू? तो तर म्हणाला, आठवत नाही."

मॅलकीनं तिची पत्रं पुढं केली.

"अकरा वर्षं भोगली त्यानं, मॅलकी," ती हळूच म्हणाली. "आणि तू माझ्याकडे चहा पीत होतास."

तिनं आपली पत्रं घेतली आणि दार लावलं.