पटावरून नाव कमी होऊ न देणारे सोनावणे सर

शारजाला अल मजाजमध्ये राहायला आल्यावर तिथल्या लगूनच्या, म्हणजे खाडीच्या, काठी फिरताना ज्येष्ठ मंडळी भेटतात, आणि ती साधारण तीनच प्रश्न विचारतात. भाडं किती, मिस्टर कुठे असतात आणि भारतात कधी जाणार. आदरणीय भानुदास सोनावणे सरांनी मला पहिल्याच भेटीत चौथा प्रश्न विचारला. मी इथल्या एका भारतीय शाळेत शिकवते हे कळताच ते म्हणाले, "बाई, वर्षाच्या मध्येच एखादं मूल आलं, तर तुमच्याकडे किती दिवसांत वर्गात बसवतात?" मी म्हटलं, "दुसऱ्या दिवशी." सर थांबले आणि म्हणाले, "मग हे जमतं तर!" गृहस्थ जरा विक्षिप्त दिसतात, असं मी घरी येऊन सांगितलं. आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहिताना ते मत बदललेलं नाही, फक्त त्या विक्षिप्तपणाबद्दलचा आदर अपार वाढला आहे.

सरांची ओळख नव्या वाचकांसाठी करून देते. महाराष्ट्रात त्यांनी आधी प्राथमिक शिक्षक आणि मग शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं भटक्या-विमुक्त समाजांच्या मुलांना शाळेत टिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर ते काकूंसह मुलाकडे शारजाला आले. मुलाची इच्छा होती की बाबांनी आता आराम करावा. ती इच्छा अजून अपुरीच आहे.

माझ्या मुलाची, ईशानची, नवऱ्याच्या नोकरीपायी डिस्कव्हरी गार्डन्स, मग खलिफा सिटी आणि आता शारजा अशी तिसरी शाळा. सरांनी त्याला एकदा विचारलं, "नव्या शाळेत पहिल्या दिवशी काय झालं रे?"

"नथिंग," ईशान म्हणाला. "दे गेव्ह मी अ बडी. ही शोड मी एव्हरीथिंग."

सरांनी 'बडी' म्हणजे काय ते नीट समजून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आपणही भटकेच. तुमचं पोर शाळा बदलतं तेव्हा त्याला सोबती मिळतो. आमच्या वडाराचं पोर बदलतं तेव्हा त्याचं नाव कमी होतं." मास्तरणीलाच धडा देणारं ते वाक्य फार झोंबलं, म्हणून लक्षात राहिलं.

रविवारी सर, कॅम्प बॉसच्या, म्हणजे वस्तीच्या व्यवस्थापकाच्या, परवानगीने कामगारांच्या वस्तीत जात. तिथेच त्यांना मारुती धोत्रे भेटले. टाइल्स बसवणारे, वडार समाजाचे. दगड फोडायचा, माती उकरायची आणि कामामागे मुक्काम हलवायचा, ही त्यांच्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मारुती इथे असले तरी दिवाळीनंतर त्यांची बायको गावाहून सासू-सासऱ्यांबरोबर खाणीवर जाई आणि सातवीतली मुलगी काजल सोबत जाई. त्या वर्षी शाळेने तिचं नाव पटावरून कमी केलं होतं. शाळा सुटली की लग्न, हे घरात जवळजवळ ठरलंच होतं. मुलगाही बघून ठेवला होता.

ही हकीकत आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत आली आणि आम्ही आखाती मराठी माणसं करतो तेच केलं. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, मुलीला पुण्याच्या चांगल्या निवासी शाळेत टाकू, खर्च आपण उचलू, खलास. घरापासून लांब गेल्याशिवाय कुणाचं भलं होत नाही, असा आमचा स्वतःवरून काढलेला ठाम समज आहे. सर शांतपणे म्हणाले, "आई खाणीवर, बाप शारजात आणि पोर पुण्यात. मग घर कुठं राहिलं? कुटुंब हलतं, तर शाळेनं थोडं हलावं. सरकारचा नियमही तसाच आहे. जिथे मूल जाईल तिथल्या शाळेनं त्याला वयाच्या वर्गात बसवायचं, आणि ते परतलं की आपल्या शाळेनं पुन्हा घ्यायचं. नियम चांगला आहे हो. पण ज्याच्यासाठी केला, त्याला कुणी सांगितलाच नाही."

सरांची एक पद्धत आहे. पालकाच्या वतीने ते कधीच बोलत नाहीत, बापालाच बोलायला लावतात. मारुतींना नियम समजावला. ते म्हणाले, "सर, तुमीच करा की फोन. हेडमास्तर आमचं काय ऐकत्यात?"

"माझं ऐकतील आणि मला विसरतील. तुम्ही बाप आहात. यल्ला, चला, तालीम करू."

त्या दिवशी मी सोबत होते. बारा बाय बाराच्या खोलीत, पलंगावर मांडी घालून, सर मुख्याध्यापक झाले. "कोण बोलतंय? वेळ नाही मला!" असे काही कडाडले की मारुती "बरं साहेब" म्हणून मोकळे झाले. खोलीतले सगळे हसले. दुसऱ्या खेपेलाही तेच. मग शेजारच्या पलंगावरचे पठाण मिस्त्री म्हणाले, "हबीबी, बेटी की बात है, डरना नहीं." तिसऱ्या तालमीत मारुतींनी न अडखळता सांगितलं, "साहेब, नियम हाय. माजी पोरगी गैरहजर न्हाई, कामाच्या गावी गेलीय. तिला परत घ्या."

खरा फोन लागला तेव्हा मारुतींनी तेच सगळं एका दमात सांगून टाकलं. पलीकडचे मुख्याध्यापक मात्र अगदी मऊ आवाजात बोलले. म्हणाले, "इतकी वर्षं झाली, वस्तीवरच्या एकाही बापाचा मला फोन आला नव्हता. पाठवा मुलीला." फोन ठेवून मारुती रडले. सर खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले, आणि मी तर सरळ रडलेच.

सर तिथे थांबले नाहीत. ईशानचा 'बडी' त्यांनी त्या मुख्याध्यापकांच्या गळी उतरवला. काजल खाणीवर असली की वर्गातली एक मैत्रीण तिला रोजचा अभ्यास फोनवर सांगे. पुढे इतर मुलांनाही असे सोबती मिळाले. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. काही शाळांनी अजून फोन उचललेले नाहीत. सर दर रविवारी नव्या बापाची तालीम घेतात.

त्यांच्या घरगुती मायेबद्दलही लिहायलाच हवं. माझे वडील गेले तेव्हा मी तडक भारतात गेले. ईशानला सर आणि काकूंनी आठ दिवस ठेवून घेतलं. मी परतले तर हा पोरगा मराठी बाराखडी म्हणत होता आणि चहात बुडवून खारी खात होता.

काजल आता बारावीत आहे. लग्नाचा विषय तिच्या आईनेच बंद केला. तिला शिक्षिका व्हायचं आहे, आणि तेही खाणीजवळच्या शाळेत. सत्काराला काय हवं, असं आम्ही सरांना विचारलं तेव्हा ते शाल नको म्हणाले, श्रीफळही नको म्हणाले. मग जरा संकोचून बोलले, "ती पोरगी ज्या दिवशी पहिली हजेरी घेईल, त्या दिवशी मला तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचंय. तेवढं आयुष्य मिळालं म्हणजे झालं."

सर, तेवढ्यावर आमचं भागणार नाही. तिचे विद्यार्थी शिकून शिक्षक होईपर्यंत तुम्ही आम्हांला हवे आहात. परमेश्वर तुम्हांला उदंड आयुष्य देवो, आणि तिच्या वर्गातल्या त्या बुटक्या बाकावर बसून पुन्हा आपलं आपण उठता येईल असे गुडघे देवो.