रेड्याच्या पोटाखालचा मुरूम

बजाबाईनं बत्तीस वर्षं खाणीत खडी फोडली. आता ती जुळे सोलापुरात लेकाच्या फ्लॅटमध्ये राहते. शेजारणी तिला "आता आराम करा" म्हणतात, तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड होतो. हात धड आहेत, तर आराम कशाचा?

तिची नात अंकिता सुटीच्या दिवशी सीनेच्या काठी दगड चढायला जायची. दोर नसतो. हाताला पांढरी पूड लावायची, खाली गादी टाकायची आणि चढायचं. तिथला सगळ्यात मोठा दगड दोन पुरुष उंच. पोरं त्याला रेडा म्हणायची. त्या रविवारी रेड्यावर स्पर्धा होती, आणि पहिली चढणार होती अंकिता.

भाद्रपदात वादळी पाऊस झाला होता. सीनेच्या पुरानं काठ खरवडून नेला होता. शुक्रवारी संध्याकाळी अंकितानं आजीला स्कूटीवर बसवून रेडा दाखवायला नेलं. बजाबाईनं वर पाहिलंच नाही. ती वाकली. दगडाच्या पोटाखालचा मुरूम धुऊन गेला होता. तिचा हात खांद्यापर्यंत आत गेला. तिनं एक गोटा उचलून दगडावर हाणला. ठण्ण वाजलं नाही. भद्द वाजलं.

"पोकळ बसलाय," ती म्हणाली. "ह्याच्यावर कुणी चढायचं न्हाय."

सरावाला आलेल्या पोरांना चढायला शिकवणारा नंदीश हसला. "आजी, मागच्या वर्षी शंभर वेळा चढलोय आम्ही ह्याच्यावर."

"मागच्या वर्षी खाली जमीन हुती की! आता काय हाय?"

"गादी आहे ना. चांगली एक फूट जाड."

"तुजी गादी घाल चुलीत! तू पडशील गादीवर, आन् रेडा पडंल तुज्यावर. त्याला कोण गादी टाकणार?"

पोरं खिदळली. अंकिताचा चेहरा लाल झाला. "आजी, चल आता. सगळ्यांसमोर नको."

अंकितानं तिला स्कूटीवर बसवून घरी आणलं. बजाबाईला राग दगडाचा नव्हता. पुरानं काठ नेला, तो त्याचा धर्म. पण ही पोरं बोटं ठेवायची प्रत्येक चीर ओळखत होती आणि दगड कशावर उभा आहे ते एकानंही वाकून पाहिलं नव्हतं. खाणीत असल्या माणसाला मुकादम पहिल्याच दिवशी हाकलायचा.

शनिवारी दिवस उगवताच तिनं माळ्यावरची पहार काढली. दिवसभराचं काम धरून तीन भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला. रिक्षावाला पहारीकडे पाहून म्हणाला, "मावशी, कुनाचं घर पाडायला?"

"नीट चालीव."

काठावर कुणी नव्हतं. तिनं दोनदा फिरून खालचा उतार पाहिला. मग ती दगडाच्या मागं, वरच्या अंगाला उभी राहिली आणि बुडाशी मुरूम उकरू लागली. घाई केली नाही. प्रत्येक घावानंतर थांबून कान दिला. अर्ध्या तासानं एका फटीत पहार शिरली. तिनं सगळा भार टाकला. एकदा. दुसऱ्यांदा. रेडा कण्हला, कलला आणि धडाडत नदीच्या पात्रात गेला.

साडेनऊला पोरं सरावाला आली. नंदीश ओरडायलाच लागला. "आजी, हे काय केलंत? उद्या स्पर्धा आहे!"

बजाबाईनं भाकरीचं गाठोडं त्याच्या छातीवर आपटलं. "सोड गाठ. बघ, मोडलीय का एक तरी भाकरी? दिसभराचं काम समजून आली हुती मी. न्याहारीचीबी येळ झाली न्हाय, त्याच्याआधी गेला! एकोणसत्तर वर्साची बाई, एक पहार! आन् माज्या नातीला त्याच्यावर लटकवणार हुतास व्हय रं?"

नंदीश गाठोडं धरून काठाशी गेला. जिथं त्याची गादी पडायची, तिथून रेडा जमीन फाडत गेला होता.

पलीकडे छातीइतका एक दगड होता, तिकडे अंकिता गेली. आधी गुडघ्यावर बसून तिनं त्याच्या खाली हात घातला. मग एक गोटा उचलून दगडावर हलकेच टकटक केलं.

"दार वाजवतीस का काय?" बजाबाई मागून कडाडली. "खांद्यातनं हाण!"